शनिवारची मॅच अजून व्हायचीय

—नाही हो, तुमचं काही चुकलं नाही. बसा. सगळं घर हिंडून झालं, वरच्या खोल्या झाल्या, कपाटं उघडून झाली, आता कॉफी तरी घ्या. नाव काय म्हणालात — हेली? मी लॉरीन. तर हेली, खरं सांगते, हे घर विकायला नाहीये. — हो, पाटी आहे, मला माहितीय पाटी आहे. गेल्या शनिवारी फुटबॉलची मॅच हरलो ना, त्यानंतर कुणीतरी आणून रोवली. दुसऱ्या कुणाच्या अंगणातनं उपटून आणली असणार, म्हणून तर एवढी खरी दिसते, एजंटचा नंबरसुद्धा आहे तिच्यावर. रीतच आहे आमच्या हॅलोवे गावाची. विद्यापीठाची टीम लागोपाठ हरायला लागली की कोचच्या अंगणात ‘घर विकणे आहे’ रोवायचं. कोचनं काय ते समजून घ्यायचं. — मग तुम्हाला आत कशाला घेतलं? आता काय सांगू. तुम्ही बेल वाजवलीत, घर बघायचंय म्हणालात, मी म्हटलं, या. ‘या’ म्हणावं असं माणूस बऱ्याच दिवसांत दारात आलं नव्हतं.

अहो, उठताय कशाला? कोचचं घर म्हटल्याबरोबर तोंड असं उतरलं तुमचं — इथं काही साथ आलेली नाही. हो, वेंडल स्ट्रिकलंड, तोच, माझाच नवरा. बसा म्हणते ना. रस्त्यापलीकडे पांढरी गाडी बघितलीत? चॅनलवाले आहेत. आत्ता घाईघाईनं बाहेर पडलात तर संध्याकाळच्या बातम्यांत तुम्हाला दाखवतील आणि सांगतील, कोचच्या बायकोनं वकीलबाई बोलावली. त्यापेक्षा कॉफी संपवा. कोट काढा तो, अलाबामात एवढा जाड कोट नोव्हेंबरातही कुणी घालत नाही. — बरं, राहू दे, नका काढू. पेकनच्या दाण्यांचा केक देऊ थोडा? तीन आहेत. नाही, मी नाही केले. हे टेबलभर दिसतंय ना, त्यातलं काहीच माझं नाही. इकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की चर्चमधल्या बायका शिजवून आणतात, चिकन-भाताची भांडी, भांड्याच्या बुडाला आपल्या नावाची पट्टी चिकटवलेली, म्हणजे धुऊन परत करता यावं. सोमवारी सकाळी सगळ्यात आधी मिसेस थॅगर्ड आली. दोन्ही हात धरले माझे, म्हणाली, “लॉरीन, देव बघतोय गं.” अगं बाई, माझा माणूस जिवंत आहे! ऑफिसात बसून मागच्या मॅचचं चित्रण बघतोय, तिथंच सोफ्यावर झोपतोय, आणि इकडे सुतकाचं जेवण सुरू. मी काय केलं? मी थँक्यू म्हटलं आणि भांडं फ्रीजमध्ये सरकवलं. मला राग यायला हवा होता, नाही? आला नाही. हल्ली काहीच येत नाही. मॅच हरलो तेव्हा आजूबाजूच्या बायका रडत होत्या आणि मी विचार करत होते की ड्रायरमध्ये टॉवेल राहिलेत.

गावाला तर दुसरा विषयच नाही. नवा कोच कोण? जुन्याच्या समोर निदान हळू बोलावं — तेही नाही. काल दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, माझा जबडा उघडा, त्यात त्याची हत्यारं, आणि तो मला विचारतोय, “लॉरीन, तुला काय वाटतं, कोणाला आणतील?” मी काय सांगणार, आ वासून? त्याचं मत रस्टी डॉकरी. त्याचंच काय, अर्ध्या गावाचं. रस्टी इथलाच, एके काळी इथंच खेळला, त्या वर्षी आम्ही सगळ्या मॅच जिंकल्या होत्या, म्हणून अजून त्याला हॉटेलात कुणी बिल देत नाही. पण खेळणं वेगळं आणि खेळवणं वेगळं — चांगला खाणारा चांगला आचारी असतोच असं कुठाय? उरलेल्या अर्ध्यांना टेक्ससचा बर्ल हॅसकिन्स हवाय. म्हातारा झालाय तो, मॅच चालू असताना मैदानाच्या कडेला त्याचा डोळा लागतो, मी स्वतः बघितलंय. आणि मग एक तो मिनेसोटातला पोरगेला, एंगस्ट्रॉम. हुशार आहे म्हणतात. पण तो नाही यायचा. त्याची लहान लहान मुलं आहेत, बायको तिकडचीच, तिचे आईवडील तिकडे — ती कशाला इतक्या लांब येईल? — काय झालं? चटका बसला का? असू द्या हो, पुसते मी, जुनंच आहे ते टेबलक्लॉथ.

विमानाचं माहितीय का तुम्हाला? नाही? मग तुम्ही फुटबॉलवाल्या नाही. विद्यापीठाचा एक मोठा देणगीदार आहे, त्याचं स्वतःचं विमान. कोच शोधायचा असला की ते विमान फिरायला लागतं, आणि ते कुठे उतरलं हे फोनवर कुणालाही बघता येतं. सगळं गाव बघत बसतं. दुकानदार, पाद्री, शाळेतल्या बाया, झाडून सगळे. मी पण बघते. हो, हसा, कोचची बायको आपल्याच नवऱ्याच्या मानेवरची सुरी कुठवर आलीय ते फोनवर बघतेय! मंगळवारी ते उत्तरेकडे गेलं. वेंडल फोनवर म्हणाला, बदकांच्या शिकारीला गेले असतील, सीझन आहे. मी म्हटलं, असतील. तो माणूस असाच आहे, समोरचा जे सांगेल ते खरं धरणारा. आता प्रुएटचंच बघा. क्लिफर्ड प्रुएट, आमचा क्रीडा संचालक, कोच ठेवणं न ठेवणं त्याच्या हातात. गेल्या आठवड्यात पेपरवाल्यांना म्हणाला, कोच स्ट्रिकलंडवर आमचा पूर्ण विश्वास आहे. आमच्या धंद्यात ‘पूर्ण विश्वास’ ऐकला ना, की बायकांनी सामान बांधायला दुकानातनं रिकामे खोके गोळा करायला लागायचं. हे मला कुणी शिकवलं नाही, तीन गावांत शिकलेय मी. पण रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर त्यानं वेंडलच्या खांद्यावर हात ठेवला, मी शेजारीच होते, आणि म्हणाला, “वेंडल, शनिवारची जिंक, पुढचं वर्ष तुझं. शब्द देतो.” चर्चच्या पायऱ्यांवर हो! तेव्हापासून वेंडल घरी आलेला नाही. शनिवारची मॅच म्हणजे सख्ख्या वैऱ्यांबरोबर, नदीपलीकडच्या कॉलेजबरोबर. ती जिंकली तर बाकी सगळं वर्ष माफ करतात लोक, असं झालेलं आहे पूर्वी. म्हणून तो तिथं बसलाय. आणि मी — मी खोके आणलेले नाहीत. आणले असते तर तुम्हाला दिसलेच असते, सगळं घर बघितलंत तुम्ही.

खरं तर — बोलू नये, पण तुम्ही परक्या, उद्या कुठे भेटणार आहात — त्याचा उजवा हात थरथरतो. सप्टेंबरपासून. हातात कागद धरला की कागद हलतो, म्हणून आता तो मैदानावर हात खिशात घालून उभा असतो. आणि टीव्हीवरचे दीडशहाणे म्हणतात, बघा कसा निवांत उभाय, याला काही पडलेलीच नाही! डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, मॅच झाल्यावर. कुठली तरी मॅच नेहमी व्हायचीच असते. कधी कधी मला वाटतं, हरावा. हरावा, घरी यावा, माझ्यासमोर बसून सूप प्यावा. मग वाटतं, नाही, त्याला दुसरं काही येत नाही, हे गेलं तर तो सकाळी उठेल कशासाठी? हे एक वर्ष हवं त्याला. एकच. जिंकून, लोकांनी टाळ्या वाजवून, आपल्या पायांनी जावा. पाटी रोवून नव्हे. एवढंच मागते मी, आणि मागतानाही आत काही हलत नाही बघा, यादीतलं सामान सांगावं तसं मागते. तुम्हाला कंटाळा आला असेल. तुम्ही विचारा काहीतरी. घर विकायचं नसलं तरी गावाबद्दल विचारा. मिस्टरांची बदली होतेय म्हणालात ना, कुठल्या कंपनीत? — बरं, नका सांगू. शाळा इथून जवळच आहे, झाडांच्या पलीकडे. हो, जानेवारीत मध्येच घेतात मुलांना. चांगली आहे शाळा. — काय?

काय म्हणालात?

टीम हरली की सोमवारी शाळेत मुलांना बोलतात का —

नाही, ऐकलं मी. ऐकलं. घर बघायला येणाऱ्या बायका विचारतात पाणी कसं आहे, शेजार कसा आहे, छप्पर गळतं का. हे कुणी विचारत नाही. हे फक्त आमच्यातल्या, कोचच्या बायका विचारतात. मीच विचारलं होतं, इथं आले तेव्हा, आधीच्या कोचच्या बायकोला, आणि ती म्हणाली होती, छे, मुळीच नाही. — बस. रडू नकोस. एंगस्ट्रॉमची बायको ना तू? मान हलवायची गरज नाही, कळलं मला. बदकं! मिनेसोटात बदकं मारायला गेलं होतं विमान. कधी ठरलं? मंगळवारीच? आणि सांगणार कधी आहेत — मॅचनंतर. हो, बरोबर आहे. शनिवारपर्यंत कुणीतरी उभं राहायला हवं ना तिथं. मग तो जिंकला काय आणि हरला काय.

नाही, तुला नव्हतं माहीत घर कुणाचं ते. मला कळतंय. पाटी दिसली, एजंटनं फोन उचलला नाही, बेल वाजवलीस, मीही तेच केलं असतं. तुझ्यावर राग नाही माझा, खरंच नाही, शोधून बघितला, सापडत नाही. मुलं केवढी आहेत? — एवढीशी? मग ऐक. बोलतात. शाळेत बोलतात, बसमध्ये बोलतात, बाई वर्गात ऐकून न ऐकल्यासारखं करतात. माझ्या लेकीला, जनेलला, बोलायचे. ती आता ऑरेगनमध्ये असते, लग्न झालेलं नाही आणि तरी आडनाव आईच्या माहेरचं लावते. जिंकलात तर काही बोलणार नाहीत, पेढे मिळाल्यासारखे गोड वागतील. जिंका म्हणावं तुझ्या नवऱ्याला. — माफी नको मागूस. काय करू मी तिचं, कुठे ठेवू?

फोन वाजतोय. वेंडलच आहे, जेवणाच्या सुट्टीत करतो. बस — नाही, बसू नको. ऊठ. मागच्या दारानं जा, भाजीच्या वाफ्यांतनं, कुंपणाला फाटक आहे, चॅनलवाल्यांना दिसणार नाहीस. आणि तू इथं आली नव्हतीस. मी तुला पाहिलेलं नाही. जा म्हणते ना!

हां, बोल रे. — नाही, कोण असणार, एकटीच आहे. जेवलास का? — हो, मिसेस थॅगर्डचं चिकन, मी पण तेच खाल्लं. — हो, निळं जॅकेट आणलंय धुऊन, खिसे खोल असलेलं तेच. — चौथ्या डावात नवीन काहीतरी करणार? बरं. — हो, ऐकतेय. — प्रुएटनं शब्द दिलाय ना तुला? मग झालं तर. जिंक तू.