लागायचा

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. एकीच्या भावाला, म्हणजे दुसरीच्या नवऱ्याला, नुकतंच आत नेलं होतं. दोघी दाराकडे न बघता मालिकेबद्दलच बोलत होत्या.

“वन्सं, मी सांगते, नवऱ्याला तिनंच मारलंय.”

“काहीतरीच काय वहिनी! रडून रडून डोळे सुजलेत बिचारीचे.”

“रडायला काय लागतं? काल इन्स्पेक्टरला काय म्हणाली? ‘ह्यांना चहा गोड लागायचा.’ लागायचा! नवरा अजून नुसता बेपत्ता आहे, आणि ही बया लागायचा म्हणते.”

“अहो, घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघून जातं.”

“असं कसं निघून जाईल? मनात असतं तेच ओठावर येतं.”

“पण मारेल कशाला? केवढा जीव होता तिचा त्याच्यावर!”

“ते मला नका विचारू. त्या एका शब्दानं पकडली गेली ती.”

दार उघडलं. नर्स हातात कागद घेऊन बाहेर आली.

“पेशंटच्या मिसेस कोण? एक लिहायचं राहिलंय. सिगारेट ओढतात का ते?”

“हो. दिवसाला चार-पाच ओढायचे.”

“ओढायचे? म्हणजे सोडली का? कधी?”

“वहिनी, त्या काय विचारतायत?”

“नाही, नाही सोडली. ओढतात. सिस्टर, ते आधी खोडा. ओढतात असं लिहा.”

दार बंद झालं.

“वहिनी, पाणी पिता थोडं?”

“वन्सं, त्या बाईनं नाही हो मारलं. तिनं काहीच केलेलं नाही.”