मार्चच्या आधी

आयोवातल्या कॅन्सर रुग्णालयात मी माझ्या नंबरची वाट बघत होतो. शेजारी लोकरी टोपी घातलेला एक बाप आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली त्याची मुलगी बसली होती.

"कॅरिन, लवकरचा अर्ज म्हणजे एकाच मेडिकल कॉलेजला ना?"

"हो बाबा. इथल्याच."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"ऑक्टोबरात कळेल. मग बाकीच्यांकडे करायचा."

"तोवर तिथल्या जागा भरत आलेल्या असतील. वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? माझ्यापायी इथे अडकू नकोस. सगळ्यांसारखा पंधरा ठिकाणी अर्ज कर."

"त्यांचं उत्तर मार्चशिवाय येत नाही."

"मग येऊ दे की मार्चमध्ये! एवढी कसली घाई?"

ती लॅपटॉपवर अर्जाचा पुढचा रकाना भरू लागली.

"डॉक्टर तुझ्या एकटीशी बोलले वाटतं."

"परवा बोलले."

"अस्सं."

नर्सने "मिस्टर होल्टग्रेन" अशी हाक मारली. तो खुर्चीचा हात धरून सावकाश उठला.

"भर मग इथलाच. आणि हे बघ, ऑक्टोबरात फोनवर नको सांगूस. घरी येऊन सांग."