कुर्डुवाडी वगळून

इंद्रजीत : ...म्हणून म्हणतोय, छोटीच बरी. आपल्याला काय दिल्ली गाठायचीय का?

रेश्मा : दिल्ली न्हाय हो. कुर्डुवाडी.

गुरप्पा : दोन्ही चांगल्या आहेत री ताई. बारा वर्षं याच शोरूममध्ये गाड्या विकतोय, उगंच एकीला नावं ठेवणार न्हाय. ही छोटी वळायला हलकी. सात रस्त्याच्या गर्दीतनं कशीबी निघते. मागं मात्र दोन पिशव्या बसतात, तिसरी मांडीवर. ती मोठी जरा उंच, खड्ड्यात पोट घासत न्हाय. डिकीत ज्वारीचं पोतं आडवं बसतं.

रेश्मा : आणि एका चार्जिंगमध्ये किती जातात? खरं सांगा, जाहिरातीतलं नको.

गुरप्पा : जाहिरातीत छोटी सव्वादोनशे, मोठी तीनशेच्या वर. पण आपल्या सोलापूरच्या उन्हात, एसी लावून? छोटी दीडशे देईल, मोठी सव्वादोनशे. याच्यावर एक किलोमीटर मी कबूल करणार न्हाय.

इंद्रजीत : झालं की मग! करकंबच्या अलीकडं हिची शाळा, इथनं सत्तर. जाऊन-येऊन एकशे चाळीस. दीडशेत बसतंय.

रेश्मा : बसतंय, पण वाटेत भाजीला थांबले तरी जीव खालीवर. आणि कुर्डुवाडीला आईचं काय? शाळा सुटली की तिच्याकडं जाऊन यायचं, म्हणून तर गाडी घ्यायचं ठरलं ना? हात मोडल्यापास्नं तिला भाकरी थापता येईना. वेणी घालता येत न्हाय म्हणून केस कापून घेतले तिनं. साठ वर्षं जपलेले केस.

इंद्रजीत : अगं, जा की. कोण नको म्हणतंय? महिन्यातनं एकदा रेल्वेनं जा. रोज माहेर म्हणजे जरा जास्तच होतंय. माझी आईबी हाय घरी. तू येईपर्यंत उपाशी बसती.

रेश्मा : तुम्ही सहाला घरी असता. कुकर लावायला तुमचे हात शाबूत हायत की.

इंद्रजीत : परक्या माणसापुढं काय बोलावं, एवढं तरी कळू दे. मास्तरीण हायस.

गुरप्पा : माझं काय न्हाय री साहेब. चहा सांगू का?

रेश्मा : चहा नको, दादा. मला सांगा, छोटी घेतली आणि आईकडं तासभर चार्जिंगला लावली तर?

गुरप्पा : घरातल्या साध्या बोर्डावर तासात पंधरा-वीस किलोमीटरचं भरतं. आणि जुनी वायर असंल तर नकोच, तापते. आमचा माणूस येऊन अर्थिंग बघतो, भिंतीवर चार्जर बसवून देतो. पण एकाच पत्त्यावर, तुम्ही फॉर्मवर लिहाल तिथं.

इंद्रजीत : तो आपल्या पार्किंगमध्ये बसणार. विषय संपला. छोटीचा फॉर्म काढा.

रेश्मा : थांबा हो, गाडी माझ्या नावावर येणार हाय. मोठी एकदा चालवून तरी बघू.

गुरप्पा : ताई, रागावू नका, पण मला वाटलं तुमचं दोघांचं बोलून झालंय. साहेबांनी रविवारीच छोटी पक्की केली की.

रेश्मा : कुठल्या रविवारी?

इंद्रजीत : अगं, जाता जाता डोकावलो नुसता.

रेश्मा : रविवारी तुम्ही साखरपुड्याला गेला होता.

गुरप्पा : चांगले दीड तास बसले होते. कागदबी लिहून दिलाय, कुठनं कुठं किती. गिऱ्हाईकानं लिहून दिलेलं मी टाकत न्हाय, फाईलला लावतो. हा बघा.

इंद्रजीत : इकडं द्या तो.

रेश्मा : माझ्या हातात द्या, दादा.

(ती कागद वाचते. मग तोच कागद मोठ्यानं वाचते, वर्गात धडा वाचावा तसा.)

रेश्मा : "घर, शाळा, घर : एकशे चाळीस. घर, शाळा, कुर्डुवाडी, घर : एकशे ऐंशी." अक्षर तुमचंच. कुर्डुवाडीखाली दोन रेघा कशाला मारल्या?

इंद्रजीत : सहज. हिशोब करताना मारतो माणूस.

गुरप्पा : मी म्हणालो की साहेबांना, कुर्डुवाडी धरली तर मोठीच घ्या, छोटी परत घरी पोचायची न्हाय. तर साहेब म्हणाले, मग छोटीच द्या. मला वाटलं बोलण्यात चूक झाली. म्हणून परत सांगितलं.

रेश्मा : दोनदा सांगितलं?

गुरप्पा : दोनदा... ताई, मी बाहेर थांबतो जरा.

रेश्मा : बसा. तुमच्यापास्नं लपवण्यासारखं यांनी काही ठेवलंच न्हाय. लपवलं ते माझ्यापास्नं.

इंद्रजीत : रेश्मा, घरी बोलू.

रेश्मा : तोंडानं नको म्हणायचं होतं. भांडले असते, चार दिवस अबोला धरला असता. पण तुम्ही गाडीकडनं नको म्हणवून घेतलं. मी रोज संध्याकाळी आईला फोन करून सांगितलं असतं, आई, चार्जिंग पुरत न्हाय गं. आणि तिला ते खरं वाटलं असतं. मलाबी खरं वाटलं असतं. शाळेत पोरांना गणित शिकवते मी, आणि माझ्याच घरात मला असं फसवलंत! लाज वाटती हो मला. तुमची न्हाय, माझी.

इंद्रजीत : घर टिकावं म्हणून केलं. सोळा वर्षं झाली लग्नाला, अजून तुझं अर्धं चित्त तिकडंच.

रेश्मा : एकटी हाय ती. तिला दुसरं कोण हाय?

इंद्रजीत : झालं बोलून? आता काय करायचं, ते सांग.

रेश्मा : दादा, फॉर्म काढा. छोटीचा.

गुरप्पा : छोटी? ताई, नीट विचार करा री.

रेश्मा : केला. पांढरी असली तर पांढरी द्या.

इंद्रजीत : हां. शेवटी पटलं ना? उगं माणसापुढं तमाशा केलास.

गुरप्पा : नाव लिहिलं. मोबाईल नंबर आहेच. चार्जर बसवायचा पत्ता?

इंद्रजीत : लिहा, जुळे सोलापूर...

रेश्मा : कुर्डुवाडी. रेल्वे वर्कशॉपच्या मागं, गोजाबाईंचं घर. दारात कडुनिंब हाय. वायरिंग जुनं हाय, तेवढं तुमच्या माणसाला आधी बघायला सांगा.

गुरप्पा : ताई, जिथं चार्जर, तिथंच गाडी रात्रीला लावावी लागते.

रेश्मा : म्हणून तर. तिथनं शाळा तीस. जाऊन-येऊन साठ. मला छोटी लई झाली.

इंद्रजीत : अगं ए... आणि सोलापूर? घरी कधी येणार तू?

रेश्मा : कुर्डुवाडी, सोलापूर, कुर्डुवाडी : एकशे साठ. छोटीत बसत न्हाय हो. दादांनी दोनदा सांगितलं होतं तुम्हाला.