अक्काच्या हरभऱ्यातला रोही

पुन्हा तोच किस्सा कशाला सांगायला लावता? चहा पाजला म्हणून सांगतो, पण मध्ये कोणी बोलायचं नाही.

एरंडोलजवळ माझ्या अक्काचं शेत आहे. रोही रोज हरभरा खाऊन जायचे, म्हणून तिनंच मला बंदूक घेऊन बोलावलं. तिच्या पोरानं, दगडूनं, वनखात्याची परवानगी काढली. सकाळी आम्ही सगळे बांधाआड बसलो. एक काळपट, थोराड नर हरभऱ्यात येऊन उभा राहिला. मी नेम धरला.

"म्हातारा नर शे मामा, सोडू नको," दगडू कानाशी कुजबुजला.

अक्काला लांबचं दिसत नाही. तिनं विचारलं, "रोहीच शे ना रे?"

इथं दगडूला शहाणपण सुचलं. "रोही काय म्हणस माय? कागदवर नीलगाय लिखेल शे."

"गाय?" अक्का उठली ती थेट बंदुकीपुढं येऊन उभी राहिली. "मन्हा वावरमा गाय मारशात?"

"अक्का, जनावर तेच शे."

"पन नाव तं आयकं ना मी आते."

मी बंदूक खाली केली. तो नर आमच्याकडं बघत हरभरा चावत राहिला.

आता हा दगडू गावभर सांगत फिरतो, मामाचा हात थरथरला म्हणून रोही वाचला. मी गोळी झाडलीच नाही, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. बहिणीपुढं बंदूक खाली केली त्याचं मला काही वाटत नाही. पण एक माफी यायची राहिलीय, ती या दगडूची.