ओला रंग

कैरोतल्या मुलांच्या इस्पितळात माझ्या समोरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. इन्शिराहच्या, म्हणजे शौकतच्या आईच्या, सात दिवसांच्या नातवाला आत ऑक्सिजन लावला होता. दुसरी तिची शेजारीण, नबविया.

“शौकतच्या आई, घोटभर पाणी तरी घे.”

“नको.”

“पण बाळाच्या सातव्याच्या आदल्या दिवशी खोली रंगवायला कशाला काढलीस?”

“सातव्याला सगळी गल्ली येते बाळ बघायला. भिंतींचे पोपडे निघालेले. लोक काय म्हणाले असते?”

“मग खिडक्या तरी उघड्या ठेवायच्या.”

“खमासीनचा वारा सुटला होता ना. सगळी धूळ ओल्या रंगावर बसली असती. दाराच्या फटीतही मी टॉवेल कोंबले.”

“आणि वास?”

“वासासाठी धूप घातला. दोनदा.”

“बाळ आत असताना?”

“तेवढीच दृष्टही निघेल म्हटलं. रिहाब म्हणत होती, आई, माझं डोकं भणभणतंय, मी बाळाला घेऊन माहेरी जाते. मी म्हटलं, बाळंतिणींची डोकी दुखतातच.”

“डॉक्टरांना सांगितलंस हे?”

“त्यांनी विचारलं, रंग लावून खिडक्या कोणी बंद केल्या? मी तोंड उघडायच्या आत रिहाब म्हणाली, मीच केल्या.”

“तुझी सून म्हणजे ना. आणि तू?”

“मी तिची पिशवी धरून उभी राहिले.”

“अगं, तुझ्या नखांत अजून रंग आहे. डॉक्टरांना दिसला नाही?”

“दिसला. म्हणून तर हात पिशवीखाली घेतले.”