मूठभर मोहरी

दवाखान्यात बोट चेचलेला गवंडी नंबरची वाट पाहत होता. मागच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या, आणि बोट ठणकत असूनही त्याचे कान तिकडेच लागले होते.

"वहिनी, ती बाई मेलेलं बाळ घेऊन बुद्धाकडे गेली, औषध मागायला. तो म्हणाला, ज्या घरात कुणी गेलेलं नाही, तिथून मूठभर मोहरी आण."

"ठाऊक आहे. तसं घर सापडलंच नाही तिला."

"तेच सांगतेय. आलेला प्रत्येक जण जाणारच. धरून बसलं की दुःख."

"दारोदार फिरत होती, तेव्हा बाळ कुठे होतं?"

"तिच्या कडेवर."

"बुद्ध म्हणाला का, आधी ते खाली ठेव?"

"तसं नाही म्हणाला."

"तिचं तिला कळलं, मग तिनंच ठेवलं. तुम्ही सगळ्यांनी मला माझ्या बाळाचं तोंडही बघू दिलं नाही. मी इथून घरी पोचायच्या आत पाळणासुद्धा देऊन टाकलात."

"तुम्हाला त्रास नको म्हणून, वहिनी."

"मग बुद्धाचं नाव घेऊन मला शहाणपण शिकवू नकोस. जा, आधी पाळणा परत आण. काढायचा तेव्हा मी काढीन."