वरची ओळ

मंडळी, बसा! पुढे जागा आहे, पुढे या. हां— आज तुम्हाला एक प्रश्न विचारतो. उत्तराची घाई करू नका!

घरातलं माणूस गेलं. त्याचा सदरा खुंटीवर आहे, चपला दाराशी आहेत. आज ना उद्या त्या काढाव्याच लागतात. मग काढायच्या कुणी? आणि काढण्याआधी विचारायचं कुणाला?

"त्यात विचारायचं काय, महाराज? घरातल्या कर्त्यानं काढायच्या!" — असं म्हणणारे इथे बरेच आहेत, मला चेहरे दिसतायत. ठीक आहे. मग ऐका आता या कर्त्या माणसाची गोष्ट!

कृष्णाकाठी एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही, न जाणो, त्यातलंच कुणी समोर बसलं असेल! तिथे वामन तांबट नावाचे पेंटर. एके काळी गावातल्या दुकानांवरच्या पाट्या यांच्या हातच्या. किराणा असो, सलून असो, पाटी तांबट पेंटरांचीच! ब्रश धरला की हात कसा? खांबासारखा! मग फ्लेक्स आला. एका दिवसात बोर्ड, त्यावर नेत्यांचे दात! पाट्या रंगवतो कोण? पेंटरांनी रागारागानं ब्रश डब्यात घातले, झाकण लावलं, म्हणाले, "संपलं! आता अक्षरांचं नाव काढू नका माझ्यासमोर!"

त्यांचा एकुलता एक लेक श्रीरंग. गुणी पोर! त्यानं दुकानात कॉम्प्युटर आणला, बापाला हाताला धरून लग्नपत्रिका टाइप करायला शिकवलं. साठीकडे झुकलेला माणूस की-बोर्डवर 'क' शोधतोय— डोळ्यापुढे आणा! पण शिकले बरं का.

आता इथे जरा नीट लक्ष द्या. मोबाईल खिशात ठेवा, नाना! कॉम्प्युटर एकच, पण त्यात संसार दोन. सिस्टीम म्हणतात त्याला. एक बापाची, पत्रिकांची. दुसरी श्रीरंगनं स्वतःच्या कामाला घातलेली. सकाळी बटण दाबलं की काळा पडदा, त्यावर दोन ओळी. वरची 'श्रीरंग', खालची 'बाबा'. मशीन विचारायचं— कुणाकडे जाऊ? थोडा वेळ थांबायचं. कुणी काही बोललं नाही, तर आपलं वरच्या ओळीत शिरायचं! म्हणून पेंटरांनी रोज खालचा बाण दाबायचा, मग आपल्या घरात जायचं.

"बापाला खाली घातलंस होय रे?" पेंटर म्हणायचे.

"बाबा, पाया खालीच असतो!" पोरगं हसायचं.

श्रीरंगचं लग्न झालं. सून आली मुक्ता. दुपारी दोघं मशीनपुढे डोकी जोडून बसायची, काहीतरी खुडबुड करायची. सासरे आत आले की पडदा बदलायची! पेंटर म्हणायचे, "नवं लग्न आहे, बघत असतील सिनेमा."

आणि मंडळी— एका पावसाळ्यात श्रीरंगला ताप आला. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेला. आणि घरी आणला तो...

नाही सांगत. तुम्हाला कळलं.

दहाव्याला घाटावर पिंड मांडला. कावळे समोरच्या झाडावर, पण एक खाली येईना! गुरुजी म्हणाले, "पेंटर, पोराच्या मनात काहीतरी अडकलंय. सांगा त्याला." पेंटर हात जोडून म्हणाले, "बाळा, मुक्ताला लेकीसारखी सांभाळीन." कावळा हलेना. "दुकान बंद पडू देणार नाही रे!" तरी नाही. ऊन चढलं. पेंटरांचा आवाज फुटला— "श्रीरंगा, तुझ्या मशीनमधल्या कामाला मी हात लावणार नाही. जसंच्या तसं राहील!"

आणि कावळा सर्रकन खाली आला. पिंडाला शिवला!

आता तुमच्यातला एखादा शिकलेला म्हणेल, "महाराज, कावळ्याला काय कळतंय मशीनमधलं?" नसेल कळत! पण शब्द दिला तो माणसानं दिला ना? तुम्ही पाटावर बसून, हातात पाणी घेऊन बोलता, ते काय कावळ्याशी बोलता?

दिवस गेले. पेंटर रोज बटण दाबतात. काळा पडदा, वर 'श्रीरंग'. अहो, खालचा बाण दाबायचा म्हणजे रोज लेकाच्या नावावरून पुढे जायचं! बापाचं बोट तिथे अडायचं हो. आणि दुपारी? दुपारी मुक्ता यायची. वरच्या ओळीत शिरायची. पाठमोरी बसायची, हलायची नाही. ताटातला भात वाळून जायचा. शेजारणी कुजबुजायला लागल्या, "पेंटर, सून अजून त्याच्याच नादात आहे. वेड लागेल पोरीला!"

पेंटर घाबरले. लेक गेला, आता सूनही हातची जाते की काय! बापाची माया, मंडळी. मायेनं केलं त्यानं, हे विसरू नका. मुक्ता आजारी आईला बघायला माहेरी गेली, तो दिवस त्यांनी धरला. मोबाईलवर एक व्हिडिओ लावला. आजकाल सगळे गुरू तिथेच भेटतात, आमच्यासारख्यांना विचारतो कोण! त्यात बघून बघून मशीनमधला श्रीरंगचा हिस्सा शोधला. मशीननं विचारलं, "नक्की पुसायचं?"

बघा हं, मशीननं विचारलं! पेंटरांनी कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणाले, "श्रीरंगा, माफ कर. पोरीसाठी करतोय." आणि पुसलं. नुसतं पुसलं नाही, रिकामी झालेली जागा आपल्या हिश्श्याला जोडली, तिच्यात पत्रिकांच्या फायली नेऊन भरल्या. मागं वळायला वाट म्हणून ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं. काळा पडदा. वरची ओळ नाही! पण— खालचीही नाही! इंग्रजीत कसलीशी तक्रार लिहून मशीन गप्प. ना लेकाचं दार, ना बापाचं. पेंटर बाण दाबतायत, बटण दाबतायत, मशीनला हात जोडतायत. काही नाही!

का झालं असं? अहो, ते दोन ओळींचं पान, कुठलं दार उघडायचं ते विचारणारं, श्रीरंगनं स्वतःच्या हिश्श्यात ठेवलं होतं. दार बापाचं, पण किल्ली लेकाच्या खोलीत! बापानं खोली पाडली, किल्ली गेली. तो गेलेला पोरगा रोज सकाळी बापाला दार उघडून देत होता, मंडळी! बापाला वाटत होतं, तो आडवा येतोय.

माझंच जोडलेलं आहे, संतांच्या नावावर खपवत नाही—

*पुसू म्हणता पुसेना, ज्याने उघडले दार,*
*उंबऱ्याशी कळे मग, कुणी वाहिला हा भार!*

मुक्ता परत आली. सासरे दुकानात डोकं धरून बसलेले. म्हणाले, "पोरी, मशीन बंद पडलं." तिनं पडद्याकडे पाहिलं. श्रीरंगनं शिकवलेलं होतं तिला सगळं. ती हळूच म्हणाली, "मामंजी, तुम्ही त्यांचं काढलंत?"

"तुझ्यासाठी काढलं गं! रोज दुपारी तू तिथे रडत बसायचीस..."

"रडत नव्हते, मामंजी." ती खाली बसली. "अक्षरं काढत होते. तुमची."

"माझी?"

"गावात तुमच्या जेवढ्या पाट्या तेव्हा उरल्या होत्या, त्यांचे फोटो काढले होते ह्यांनी. तुमच्या हातचा 'अ', तुमचा 'श्री', तुमची वेलांटी. सगळं मशीनमध्ये उतरवत होते. म्हणजे बटण दाबलं की तुमचंच अक्षर उमटेल. तुमच्या साठीला देणार होते. राहिलं. उरलेलं मी पुरं करत होते. थोडंच राहिलं होतं, मामंजी."

मंडळी...

त्या बापानं काय पुसलं? लेकाचं काम पुसलं. घाटावर दिलेला शब्द पुसला. आणि स्वतःचा हातही स्वतःच पुसला! आता कावळ्याला काय कळत होतं ते कळलं?

मुक्तानं श्रीरंगच्या खणातला पेनड्राइव्ह काढला, त्यावरून मशीन चालू केलं, चार आज्ञा टाइप केल्या, आणि बापाच्या दाराची किल्ली बापाच्याच हिश्श्यात बसवली. पत्रिका मिळाल्या. मग अक्षरं शोधली. पुष्कळ शोधली. पण ती होती त्या जागेवर पेंटरांनीच पत्रिका रचल्या होत्या. एक वेलांटीसुद्धा हाती लागली नाही. आणि फोटो काढलेल्या त्या जुन्या पाट्यांवरही एव्हाना फ्लेक्स ठोकलेले.

पेंटर उठले. ब्रशांचा डबा उघडला. "मी परत काढून देतो, पोरी! सगळी देतो!" कागदावर ब्रश टेकवला. 'श्री' काढायला गेले— आणि अक्षराची ती उभी काठी, जी कधी वाकली नव्हती, ती वाकली. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि लहान पोरासारखे रडले.

मुक्ता ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मामंजी, कधीतरी काढावंच लागलं असतं. मला कळत होतं. पण तुम्ही मला आधी सांगायचं होतंत. आपण दोघांनी मिळून काढलं असतं."

दुसऱ्या दिवशी पेंटरांनी बटण दाबलं. आता एकच सिस्टीम, विचारायचं कुणाला? सरळ उघडायला हवं. पण काळा पडदा आला. त्यावर एकच ओळ— 'बाबा'. आणि मशीन थांबलं. सवयीनं पेंटरांचं बोट खालच्या बाणाकडे गेलं. खाली काही नव्हतंच!

"पोरी, हे थांबतंय का अजून? एकच तर आहे!"

मुक्ता दारातून म्हणाली, "मीच ठेवलंय ते थांबणं. त्यांची ओळ काढली, पण तेवढा वेळ काढवेना. तेवढ्यात मी त्यांचं नाव घेते. तुम्हीही घ्या, मामंजी."

तेव्हापासून रोज सकाळी त्या दुकानात एक मशीन थोडं थांबतं, आणि दोन माणसं एकदमच एक नाव घेतात.

आता सांगा! सदरा काढायचा कुणी, विचारायचं कुणाला? अहो, तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून बसतं, तर तुम्ही त्याच्या पाठीवरून ठरवता— रडतंय! वेडं झालंय! कधी समोर जाऊन पाहिलंत, त्याच्या हातात काय आहे? विचारलंत? मशीनला जेवढी रीत आहे, तेवढी आपल्याला नको? आणि माया आहे म्हणून विचारायचं नाही, हे शिकवलं कुणी तुम्हाला?

घरी जाऊन आज एकच करा. ज्याच्याशी त्या गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं टाळता, त्याच्या शेजारी जाऊन बसा.

गजर करायचाय. पण तबलजी, हात थांबवा. पेटी थांबवा. थोडा वेळ सगळे गप्प. प्रत्येकाची एक वरची ओळ आहे, मला माहीत आहे. ते नाव मनात घ्या.

...

घेतलं? शेजारच्यानंही घेतलं असेल. आता मिळून म्हणा— विठ्ठल... विठ्ठल...